नदीतून उपशावर मर्यादा आली की पाणीपुरवठा करणाऱ्यानं नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शहराला नदीचं पाणी पुरवणाऱ्या संस्थेला नियामकानं सांगितलं की आता एवढंच उचलायचं, आणि नदीचा प्रवाह अमुक इतक्या खाली गेला की पंप बंद, तर ती संस्था शहराला पाणी देणार कुठून? आणि सरळ एक मोठं धरण बांधून विषय का संपवत नाही?

मी पंचवीसेक वर्षं याच कामात आहे, आधी पंपहाऊसवर शिफ्ट केल्या, मग वितरण बघितलं, नंतर परवान्याचं आणि नियामकासमोरच्या सुनावण्यांचं काम आलं, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय. आधीच सांगतो की बहुतेक संस्था पहिल्याच दिवशी एक चूक करतात, ती म्हणजे परवान्यातला वर्षाचा आकडा वाचतात आणि तिथेच थांबतात. खरी मर्यादा त्या आकड्यात नसतेच, ती असते कोरड्या दिवसांत. किती उचलायचं यापेक्षा कधी उचलायचं हा प्रश्न मोठा असतो, आणि हे ज्याला लवकर कळतं तो यातून बाहेर पडतो, बाकीचे वकिलांवर खर्च करत बसतात.

उदाहरणच घ्या. समजा शहराला ५० एमएलडी, म्हणजे रोज ५० दशलक्ष लिटर पाणी लागतं आणि नव्या परवान्यात वर्षाची सरासरी ४० एमएलडी दिलीय. मीटिंगमध्ये सगळे म्हणतात की वीस टक्के कमी आहे ना, लोकांना बचत करायला सांगू, गळती काढू, होईल. पण त्याच परवान्याच्या चौथ्या-पाचव्या पानावर एक अट असते की इनटेकच्या, म्हणजे आपण नदीतून पाणी उचलतो त्या जागेच्या, खाली नदीत ठरावीक किमान प्रवाह राहिलाच पाहिजे, तेवढा नसेल तर उपसा शून्य. आता नदी कोरड्या हंगामात साठ दिवस त्या पातळीच्या खाली राहत असेल तर त्या साठ दिवसांचं सगळंच पाणी दुसरीकडून आणावं लागतं, म्हणजे साठ गुणिले पन्नास, तीन हजार दशलक्ष लिटर, तीनशे कोटी लिटर. शहरातल्या टाक्यांमध्ये साधारण एखाद्या दिवसाचं पाणी मावतं. वीस टक्क्यांचा प्रश्न म्हणून ज्याच्याकडे बघत होतो तो खरं तर साठ दिवसांच्या साठवणुकीचा प्रश्न निघाला. आणि लोकांची मागणी सगळ्यात जास्त असते तीही नेमकी त्याच दिवसांत, ऊन, बागा, सगळं एकत्र येतं.

म्हणून परवाना हातात आला की मी पहिलं काम सांगतो ते हे, नदीच्या गेजचे, म्हणजे पातळी मोजणाऱ्या यंत्राचे, जितक्या वर्षांचे रोजचे आकडे मिळतील तितके काढा आणि प्रत्येक वर्षी किती दिवस, सलग किती दिवस, नदी त्या पातळीच्या खाली होती ते मोजा. सरासरी वर्ष बघू नका, सगळ्यात वाईट तीन वर्षं बघा, आणि त्यातही दोन वाईट वर्षं पाठोपाठ आली होती का ते बघा, कारण पहिल्या वर्षी साठा रिकामा झाला आणि दुसऱ्या वर्षी भरलाच नाही तर काय, याचं उत्तर तुमच्याकडे पाहिजे.

आता खरं घडलेलं एक प्रकरण सांगतो, कारण त्यात हे सगळं एका जागी दिसतं. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे द्वीपकल्पाला कॅलिफोर्निया अमेरिकन वॉटर ही खासगी कंपनी पाणी पुरवते, आणि दशकानुदशकं त्यातलं बहुतेक पाणी कार्मेल नावाच्या छोट्याशा नदीच्या खोऱ्यातून यायचं. १९९५ मध्ये तिथल्या राज्य जलमंडळानं आदेश काढला की कंपनी वर्षाला साधारण १४,१०६ एकर-फूट पाणी घेतेय आणि त्यातल्या फक्त ३,३७६ एकर-फुटांवर तिचा कायदेशीर हक्क आहे, उरलेल्या १०,७३० ला आधारच नाही. एक एकर-फूट म्हणजे सुमारे १२.३ लाख लिटर, म्हणजे रोजच्या हिशोबात बोलायचं तर ४८ एमएलडीच्या आसपास उचलत होते आणि हक्क होता साडेअकराचा. असा आदेश हातात पडल्यावर ऑपरेशनवाल्या माणसाच्या पोटात काय होत असेल ते मी समजू शकतो. उद्या सकाळी तीन चतुर्थांश पाणी बंद करता येत नाही, दवाखाने आहेत, शाळा आहेत, आग लागली तर हायड्रंटला प्रेशर लागतं. मंडळालाही ते माहीत होतं, म्हणून टप्पे दिले. पण टप्पे दिले की माणूस सैलावतो.

त्या आदेशातली मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटणारी गोष्ट विहिरींची आहे. कंपनी बरंचसं पाणी थेट नदीतून नाही तर नदीकाठच्या गाळाच्या थरातल्या विहिरींमधून उपसत होती, आणि अशा वेळी संस्थांचा नेहमीचा युक्तिवाद असतो की हे भूजल आहे, नदीचा परवाना इथे लागू नाही. मंडळानं म्हटलं की हे जमिनीखालून वाहणारं नदीचंच पाणी आहे, त्याला नदीचेच नियम लागू. शास्त्र म्हणून बघाल तर बरोबरच आहे, काठावरच्या वाळूत पंप लावला की पाण्याची पातळी खाली जाते, नदी त्या खड्ड्यात झिरपते, आणि काही दिवसांनी वरचा प्रवाह तुटतो. मी स्वतः अशा विहिरीशेजारी उभा राहून बघितलंय, एका बाजूला पंपाचा आवाज, पन्नास पावलांवर नदीचं पात्र, आणि पात्रात एकमेकांपासून तुटलेले डोह, मधली वाळू पांढरी पडलेली. डोहात बोटभर मासे वरच्या थरात तोंड उघडझाप करत फिरत होते कारण खालच्या पाण्यात ऑक्सिजन राहिलेला नव्हता. ते बघितल्यावर भूजल की नदी हा वाद घालायची इच्छा माझी तरी संपली.

कार्मेलमध्ये स्टीलहेड नावाचा मासा आहे, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत वर येतो. त्याची पिल्लं वर्ष-दोन वर्षं नदीतच राहतात, म्हणजे कोरड्या हंगामातही त्यांना वाहतं, थंड पाणी लागतं. १९९७ मध्ये त्या भागातला स्टीलहेड केंद्रीय कायद्याखाली धोक्यातली प्रजाती म्हणून नोंदला गेला. १९९५ च्या आदेशात एक साधी पण फार हुशारीची अट होती, ती म्हणजे उपसा शक्य तितका सगळ्यात खालच्या बाजूच्या, समुद्राजवळच्या विहिरींमधून आधी करायचा. का? कारण तेच पाणी खाली उपसलं तर ते तिथपर्यंत नदीतून वाहत जातं, वरचे कित्येक किलोमीटर जिवंत राहतात. लिटर तेवढेच, शहराला पाणी तेवढंच, फक्त उपशाची जागा बदलली. पंप चालवायचा क्रम बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय असतो आणि तो बहुतेक ठिकाणी सगळ्यात शेवटी सुचतो, कारण पंपाचा क्रम वीजबिल बघून ठरलेला असतो, नदी बघून नाही.

आता धरणाचं. कार्मेलवर धरणं होतीच. १९२१ मध्ये सॅन क्लेमेंटे आणि १९४९ मध्ये लॉस पॅड्रेस. सॅन क्लेमेंटेचा जलाशय गाळानं इतका भरला की नव्वद टक्क्यांहून जास्त क्षमता गेली, शेवटी २०१५ मध्ये ते धरणच काढून टाकलं. म्हणजे धरण बांधलं की पाणी कायमचं मिळालं असं नसतं, नदी पाण्याबरोबर वाळू-माती आणते, आणि डोंगराळ खोऱ्यातल्या छोट्या जलाशयाचं आयुष्य आपण कागदावर मोजतो त्यापेक्षा कमी निघू शकतं. नवं मोठं धरण हाही प्रस्ताव होता, १९९५ मध्येच तो मतदानाला गेला आणि लोकांनी त्याच्या खर्चाला नकार दिला. मग समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प, तो एका रूपात आला, कोसळला, दुसऱ्या रूपात आला, वर्षं जात राहिली. २००९ मध्ये मंडळानं थांबवा असा सक्तीचा आदेश काढला, मुदत २०१६ अखेर, आणि २०१६ मध्ये ती वाढवून २०२१ अखेर केली, प्रत्येक वर्षाचे टप्पे बांधून. पहिल्या आदेशापासून ही मुदत संपेपर्यंत सव्वीस वर्षं गेली. धरण का बांधत नाही या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच, की बांधता येत असेल तर बांधा पण त्याच्यावर विसंबून बाकीची कामं थांबवू नका, कारण ते मंजूर होऊन, बांधून, भरून हातात येईपर्यंत तुमची मुदत संपलेली असते. आणि धरणालाही खाली पाणी सोडावंच लागतं, कॅलिफोर्नियात तर कायदाच आहे की धरणाखालचे मासे चांगल्या स्थितीत राहतील इतकं पाणी धरणमालकानं सोडलं पाहिजे.

मग शेवटी माँटेरेचं सुटलं कशानं? बऱ्याच छोट्या-मध्यम गोष्टींनी. लोकांचा वापर खूप खाली आला. हिवाळ्यात नदीला जास्तीचं पाणी असतं तेव्हा ते उचलून, शुद्ध करून, सीसाइड नावाच्या भूजल खोऱ्यात विहिरींतून खाली सोडायचं आणि कोरड्या हंगामात वर काढायचं, हे सुरू झालं. आणि २०२० पासून सांडपाणी अतिशुद्ध करून त्याच खोऱ्यात मुरवायला लागले, प्युअर वॉटर माँटेरे नावानं. बघा, यातला कुठलाच उपाय नदीतून जास्त पाणी घेण्याचा नाही. एक उपाय मागणी कमी करण्याचा, एक वेळ बदलण्याचा, एक तेच पाणी पुन्हा वापरण्याचा.

ओल्या दिवसांत उचलून जमिनीखाली ठेवणं ऐकायला सोपं वाटतं पण त्याला तीन गोष्टी लागतात ज्या लोक विसरतात. पहिली म्हणजे ओल्या दिवसांत जास्त उचलायला पंप, पाइप आणि शुद्धीकरण केंद्राची क्षमता रोजच्या मागणीपेक्षा जास्त पाहिजे, कारण पुराचं पाणी थोडेच दिवस असतं. दुसरी म्हणजे तेव्हाच ते सगळ्यात गढूळ असतं, त्यामुळे शुद्धीकरण केंद्राची क्षमता कागदावर आहे तितकी त्या दिवशी मिळत नाही, फिल्टर चोंदतात, बॅकवॉश, म्हणजे ते उलट्या पाण्यानं धुणं, वाढतो. तिसरी म्हणजे ओल्या हंगामातल्या उपशालाही परवाना लागतो आणि त्यालाही किमान प्रवाहाची अट असते, कारण मासे पुराच्या पाण्यावरच वर चढतात. म्हणून प्रकल्प आखताना वर्षात किती दिवस खरोखर उचलता येईल ते गेजच्या आकड्यांवर मोजा, सल्लागाराच्या सरासरीवर नको.

गेजबद्दल थोडं जास्त लिहितो कारण सगळं त्याच्यावर टांगलेलं असतं आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. नदीत आपण प्रवाह मोजत नाही, पातळी मोजतो, आणि पातळीवरून प्रवाहाचा तक्ता वापरतो. पूर येऊन गेला, वाळू सरकली, एखादं झाड अडकलं, की तोच तक्ता चुकायला लागतो. कमी प्रवाहात ही चूक सगळ्यात जास्त जाणवते, कारण तिथे पातळीतला एक-दोन सेंटीमीटरचा फरक म्हणजे पंप चालू की बंद. मी ज्या एका ठिकाणी होतो तिथे इनटेकच्या खालच्या गेजवर एका मोसमात शेवाळ इतकं वाढलं की पाणी तुंबून पातळी वर दिसायची, कागदावर नदी अटीच्या वर आणि प्रत्यक्षात खाली, आम्ही दोन आठवडे पंप चालवत राहिलो. कुणाचा वाईट हेतू नव्हता, पण खालच्या बाजूच्या एका शेतकऱ्यानं येऊन सांगितलं की अहो साहेब, पाणी येतच नाहीये, तेव्हा आम्ही जाऊन मीटरनं प्रवाह मोजला. तेव्हापासून माझा नियम आहे, कोरड्या हंगामात दर आठवड्याला माणूस पाण्यात उतरून प्रवाह मोजणार आणि आपणहून नियामकाला कळवणार, चूक आपली असली तरी. आपण स्वतः सांगितलेली चूक आणि त्यांनी पकडलेली चूक यांची किंमत फार वेगळी असते.

पंप बंद-चालू करण्याचंही तसंच आहे. अटीच्या काठावर नदी असताना सगळे पंप एकदम सुरू केले की खालची पातळी झपकन उतरते आणि काठालगतच्या उथळ पाण्यातली पिल्लं गोट्यांमध्ये अडकून राहतात आणि मरतात. म्हणून एकेक पंप, मधे वेळ ठेवून. पंपाचा वेग हळूहळू कमी-जास्त करणारा व्हेरिएबल स्पीड ड्राइव्ह असेल तर उत्तमच. शिफ्टवरच्या ऑपरेटरला हे का करायचं ते नीट सांगा, त्याला एकदा नदीवर घेऊन जा, नुसतं परिपत्रक काढून लॉगबुकला चिकटवलं तर रात्री दोन वाजता टाकीची पातळी उतरली की तो सगळे पंप लावणारच, त्याची काळजी टाकीची आहे आणि त्याचं काही चुकत नाही.

गळती. यावर सगळे बोलतात म्हणून मी थोडक्यात आटोपतो. शहराचे छोटे झोन करा, प्रत्येक झोनच्या तोंडाशी मीटर बसवा आणि रात्री दोन ते चार या वेळेतला प्रवाह बघा. त्या वेळी लोक झोपलेले असतात, तरीही जे वाहतंय त्यातलं बरंचसं जमिनीत जातंय. दुसरं म्हणजे प्रेशर, सगळ्या तऱ्हेच्या पाइपांच्या मिश्र नेटवर्कमध्ये प्रेशर दहा टक्के उतरवलं तर गळतीही ढोबळमानानं दहा टक्के उतरते, आणि नवीन फुटीही कमी होतात. रात्री प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह हा रस्ता न खोदता मिळणारा फायदा आहे. गळतीतून वाचलेलं पाणी वर्षभर रोज वाचतं, कोरड्या दिवसांतही, म्हणून ते नदीच्या दृष्टीनं फार मोलाचं.

मागणी कमी करता येत नाही, लोक ऐकत नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी कॅलिफोर्नियातल्याच लॉस एंजेलिस शहराचं आणि मोनो सरोवराचं बघावं. शहराच्या जलविभागानं १९४१ पासून मोनोला मिळणारे ओढे वळवायला सुरुवात केली, १९८२ पर्यंत सरोवर ४५ फूट उतरलं, खारेपणा दुप्पट झाला, पक्ष्यांच्या घरट्यांच्या बेटापर्यंत जमीन उघडी पडली आणि कोल्ह्यासारखे कायोटी चालत तिथे पोचले. १९८३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की आधी दिलेले पाण्याचे हक्कसुद्धा असं पाणी राज्य लोकांच्या वतीनं विश्वस्त म्हणून सांभाळतं या तत्त्वाखाली पुन्हा तपासता येतात, आणि १९९४ मध्ये जलमंडळानं सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून ६,३९२ फुटांपर्यंत येईल अशा बेतानं उपसा बांधून दिला. सरोवर अजून त्या पातळीला पोचलेलं नाही, ते दुःख आहेच. पण शहर बुडालं का? नाही. दहा लाखांहून जास्त लोक वाढले तरी एकूण वापर १९७० च्या दशकाच्या आसपासच राहिला. कमी पाण्याचे फ्लश वस्त्यावस्त्यांमध्ये वाटले गेले, स्थानिक महिला संघटनांनी ते काम अंगावर घेतलं, त्यातून तिथल्या लोकांना रोजगारही मिळाला. याच कारणानं मला वाटतं की बचत ही जाहिरातीनं होत नाही, घरात जाऊन एक वस्तू बदलून दिली की होते.

पैशाचं मात्र आधी बोलून ठेवा. लोकांनी पाणी वाचवलं की संस्थेचं उत्पन्न घटतं, पण कर्जाचे हप्ते, पगार, पाइप तेवढेच राहतात, मग दर वाढवावा लागतो आणि लोक चिडतात की आम्ही वाचवलं आणि तुम्ही बिल वाढवलं. त्यांचं चिडणं रास्त आहे. म्हणून दररचना बचत सुरू व्हायच्या आधी बदला, मूलभूत गरजेचा पहिला टप्पा स्वस्त ठेवा, कोरड्या हंगामातला बागेचा, तलावाचा वापर महाग करा, आणि विक्री घटली तर तूट कशी भरणार ते उघड सांगा.

नवीन जोडण्या बंद करण्याचा प्रश्न सगळ्यात कठीण. माँटेरेत २००९ च्या आदेशानं नव्या जोडण्यांवर बंदी आली, आणि त्याचा भार पडला घर शोधणाऱ्या, भाड्यानं राहणाऱ्या लोकांवर, ज्यांनी नदी कोरडी केली नव्हती. माझं मत स्पष्ट आहे, जोडण्या बंद करणं ही शेवटची पायरी असावी आणि ती आलीच तर आधीच्या मोठ्या वापरकर्त्यांचा वापर कमी करून त्यातून छोट्या घरांसाठी जागा काढावी. ही वेळ येते ती बहुतेकदा पहिल्या आदेशानंतरची दहा वर्षं वाया गेली म्हणून.

तुम्ही संस्थेत असाल आणि आदेश नुकताच आला असेल तर पहिल्या महिन्यात गेजचे आकडे, पंपाचा क्रम, आणि रात्रीचा प्रवाह या तीन गोष्टी हातात घ्या, याला मंजुरी लागत नाही की मोठा पैसा लागत नाही. अपील करायचं असेल तर करा, तो तुमचा हक्क आहे, पण अपील चालू असताना ही कामं थांबवू नका. सुनावणीत नियामक पहिला प्रश्न हाच विचारतो की आदेश आल्यापासून तुम्ही काय केलं, आणि मी अशा खोल्यांमध्ये बसलोय जिथे त्या प्रश्नावर आमच्या बाजूचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले होते.